तोंडाची वाफ

खरं सांगते. अक्षरन् अक्षर खरं सांगते, अन् मोठ्यानं सांगते, म्हणजे भिंतीपलीकडच्या विमलवहिनीलेही आयकू गेलं पाह्यजे. यातला एक शब्द जरी खोटा निंघाला, तं माह्या तोंडात वल्ला कापूस कोंबा अन् मले जिनिंगच्या आवारात सरकीसंगं वाळू घाला. लोकं म्हनतेत भागीरथाबाई फेकते. फेकत असंन. पन हे फेकेल नाही. पुरावा कनवटीले बांधून बसली हावो, वेळ आली का दाखवीन.

गोष्ट आमच्या जावायाची. संघपालराव नाव. राहतेत अकोल्याले, अन् बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात दुसरीच्या लेकरायले शिकवतेत. मानूस सोन्यासारखा. खोड एकच, माहीत नसलं तं 'माहीत नाही' म्हनता येत नाही. मास्तर लोकायले हा रोगच असते बाप्पा. दिवसभर लेकरायले सांगतीन, विचारा, लाजू नका. अन् सोताचं अडलं का फळ्याकडे तोंड करून खडू शोधत बसतीन.

तं त्या शाळेत शनिवारी शेवटचा तास चित्रायचा. जावायाचा सारा जीव त्या तासात. लेकरं जमिनीवर पालथी पडून चित्रं काढत, अन् हे मधात मांडी घालून पेन्सिलीले टोक करून देत. घरी येत तवा धोतऱ्याच्या फुलासारखे पांढरे फटक, खडूनं माखेल, पन तोंडावर असा उजेड का दीक्षा म्हने, "आज शनिवार दिसते." दीक्षा माही पोरगी, तहसीलमधे कारकून हाय. मी त्याईच्याच घरी राहते.

अशाच एका शनिवारी उत्तमराव साहेब आले. उत्तमराव म्हणजे केंद्रप्रमुख. आजूबाजूच्या साऱ्या शाळा त्याईच्या नजरेखाली. दारात उभे राह्यले अन् पालथी पडेल लेकरं पाह्यली.

"काय करून राह्यले हे?"

"चित्र काढून राह्यले साहेब."

"ते दिसते. काहून काढून राह्यले?"

साहेबानं भावना नावाच्या एका पोरीचा कागद उचलला. मोर होता. जांभळा, हिरवा, पिसारा कागदाच्या भायेर गेल्ला अन् उरेल पिसं फरशीवर काढेल. साहेबानं तो उलटा धरला, सुलटा धरला.

"संघपालराव, वरून मले विचारतेत, किती पोरायले वजाबाकी येते. मोराचे मार्क मी कोनत्या रकान्यात भरू?"

"पन साहेब, लेकरं खुश असतेत या तासाले."

"खुशीचाही रकाना नाही."

उत्तमराव काही वाईट मानूस नव्हता. त्याच्याही मानेवर कोनीतरी बसेलच होतं, अन् त्या बसेल मानसाच्या मानेवर अजून कोनी. अशी मानसावर मानसं रचत गेलं का सगळ्यात खाली लेकरू सापडते. साहेब म्हनाला, "पुढच्या महिन्यापासून या तासाले वजाबाकीचा सराव घ्या. आता अमरावतीचा मेळावा हाय, तठी तुमच्या शाळेनं काही करून दाखवलं, तं पाहू."

हे ध्यानात ठेवा. पुढं जो काही धिंगाना झाला तो त्या एका तासासाठी झाला. नाही तं आमचे जावाई कुकरच्या वाटेले जानारे नव्हते.

मेळाव्याचा निरोप मोबाईलवर आला, मास्तरायच्या ग्रुपवर. 'इयत्ता पहिली-दुसरीच्या बालकांसाठी स्टीम उपक्रम. विभागीय मेळावा, अमरावती. सर्वांनी सहभाग घ्यावा.' बस, इतकंच. खाली साऱ्या मास्तरायनं अंगठे दाखवले. आमच्या वेळची अडानी मानसं अंगठे देत, अन् आता ही शिकेल मानसं देतेत. फरक एवढाच का आमच्या अंगठ्याले शाई लागे. संघपालरावायनंही अंगठा दिला.

दीक्षा म्हने, "स्टीम म्हणजे काय वो?"

"वाफ."

"ते मलेही येते. पन एवढ्याशा लेकरायनं वाफेचं काय करावं?"

"विज्ञान हाय ते."

"विचारून घ्या ना कोनाले तरी."

"दीक्षा, उगा तोंडाची वाफ नको दवडू."

हा जावायाचा ठेवनीतला शब्द. वर्गात पोरं बोलाले लागली का टेबलावर डस्टर आपटून हेच म्हनत, तोंडाची वाफ दवडू नका. घरी डस्टर नसते, म्हनून नुसतं म्हनत.

कोनाले विचारायचं नाही ठरवलं, तरी शेजारी थोडेच विचाराची वाट पाहतेत? भिंतीपलीकडे कमलाकांत वकील राहतेत. वकिली सोडली, पन बोलनं कोर्टातलंच हाय. त्याईले बातमी लागली, तं बनियनवरच आले.

"संघपालराव, असं पाहा. वाफ म्हणजे शक्ती. जगातल्या आगगाड्या वाफेवर धावल्या. तुम्ही मुलांकडून इंजिन करून घ्या."

"दुसरीचे हायेत काका."

"मग लहान इंजिन करा."

मागून त्याईची बायको, विमलवहिनी आल्या. "इंजिन कशाला? ढोकळा करा म्हणते मी. वाफच आहे ती. अन् नंबर नाही आला तर खाता तरी येईल."

वहिनीचं बोलनं मले पटलं होतं. पन जावाई इच्यार करत बसले. त्याईच्या डोक्यात तो शनिवारचा तास. वाफ विज्ञानाची, अन् साहेबाले तं कला डोयासमोर दाखवाची. दोन्हीचा मेळ बसवावा कसा? अन् नेमकी तवाच घरातल्या कुकरची शिट्टी झाली, अन् मांगून वहिनीच्या घरची झाली. एक बारीक, एक जाड. जावाई उठून उभे राह्यले. म्हने, वाफ गाते.

त्याईचं म्हननं असं, का वेगवेगळे कुकर वेगवेगळ्या सुरात शिट्टी मारतेत. ते बराबर लावले, तं वाफ वाजवीन अन् लेकरं गातीन. विज्ञानही झालं अन् कलाही झाली. आयकाले मोठं गोड लागलं. नाही तरी मुर्खपना पयल्यांदा गोडच लागते.

पट्टी जमवाले तिसरा कुकर पाह्यजे होता, म्हनून माहा काढला. जुना हाय, पन इमानी. त्याच्या शिट्टीवर माहं नाव हाय. माही सासू मोठी टापटिपीची. दारात नाव टाकनारा मानूस बसला, तं तिनं ताट-वाट्या सोडून झाऱ्यावर, सांडशीवर अन् कुकरच्या शिट्टीवरही नाव घालून घेतलं. 'भागीरथा डोमाजी', अन् खाली गावाचं. एवढ्याशा शिट्टीवर एवढं कसं बसलं, ते मले नका विचारू. पयलेचे कारागीरच तसे.

रविवारी सकाळी तिन्ही कुकर शेगडीवर चढले. बिनाअन्नाचा कुकर लावू नये म्हनून माह्या कुकरात तुरीची दाळ टाकली. खिडकी उघडी, खाली रस्त्यावरून कापसानं भरेल गाड्या चाललेल्या. घरच्या कुकरनं सूर दिला, वहिनीच्यानं दिला. जावायानं हात वर केला, जसा बँडवाल्याचा म्होरक्या करते. अन् माह्या कुकरनं जे धरून ठेवलं होतं, इतक्या वर्साचं, ते एकदम सोडलं.

शिट्टी उडाली. छताले लागली नाही, भिंतीले लागली नाही, सरळ खिडकीतून गेली. दाळ मांगं राह्यली, ती साऱ्या छताले. जावायाच्या कपाळावर एक थेंब पडला, गंधासारखा. कमलाकांत दारातून वाकून म्हने, "संघपालराव, हे विज्ञान झालं का कला?"

जावायानं कपाळावरचा थेंब पुसला. त्याईनं शिडी मांगतली अन् दिवसभर छत पुसलं. पोटात अपमान अन् हातात फडकं असलं का मानूस लय इच्यार करते.

आता शिट्टीचं आयका. ती पडली कापसाच्या गाडीत. गाडी गेली अकोटले, जिनिंगवर. तठी माहा भाचा देवमन काम करते. कापूस वतताना त्याच्या पायापाशी टन्नकन काही पडलं. उचलून पाहते तं मामीचं नाव. त्यानं एस्टीच्या कंडक्टरजवळ देऊन ते वापस पाठवलं. खोटं वाटते ना? हे पाहा. कनवटीतून काढली. वाचा नाव, अन् मंग बोला.

एवढं झाल्यावर शहाना मानूस थांबला असता. पन जावाई नियमाचे. त्याईले वाटलं, कुकर नीट बसवून, रीतसर परवानगी घेऊन करावं. अर्ज केला, 'वाफेवर आधारित उपक्रमास परवानगी मिळणेबाबत'. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, अन् दुसऱ्या टेबलावरच्या मानसानं 'वाफ' एवढाच शब्द वाचला. मंग तो अर्ज निंघाला फिराले. शेवटी कोन्यातरी ऑफिसातून जावायाले फोन आला. मोठा गंभीर आवाज.

"आपला बॉयलर किती टनाचा आहे?"

"तीन लिटरचा."

पलीकडे कागदावर पेन चाललं. "चालवणाऱ्या माणसाकडे प्रमाणपत्र आहे?"

"ते माह्या सासूबाई हायेत."

"वय काय त्यांचं?"

जावायानं फोन ठेवून देला. बाईचं वय सांगून परवानगी घ्यावी, एवढा हलका मानूस नाही तो.

त्याच दिवशी उत्तमराव साहेबाचाही निरोप आला. लेकरं अन् आग एका खोलीत चालनार नाही, वाफ दाखवा पन आगीबिगर दाखवा. दीक्षा म्हने, "बरोबर बोलला साहेब. तुमच्या हातात कुकर पाहून मलेच भेव लागते."

तं असे आमचे जावाई हरून गेले. थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले, खुर्चीवर बसले अन् हजेरीही घ्याची इसरले. लेकरं कानटोप्या घालून कुडकुडत बसेल. बोलली का तोंडातून धूर निंघे, म्हनून मुद्दाम बोलत होती. गलका वाढला. जावायानं सवयीनं डस्टर आपटलं.

"तोंडाची वाफ दवडू नका म्हनलं ना."

सारे चूप. पन कपाटापाशी भावना उभी होती, तीच मोरवाली पोरगी. तिनं मान वळवली अन् म्हने, "दवडली नाही सर. काचीवर ठेवली."

जावाई पाहतच राह्यले. कपाटाच्या काचीवर तिनं हाss करून वाफ सोडली होती, अन् तिच्यात बोटानं बकरी काढली होती. चांगली बकरी. कान लोंबते, पोट फुगेल. पाहता पाहता वाफ उडाली अन् बकरी गेली. "आता पाहा," म्हनून पोरीनं पुन्हा फुंकलं. बकरी परत आली. तीच, त्याच जागी, लोंबत्या कानाची.

"हे काहून होते वं?" जावायानं विचारलं.

"मले काय माहीत. तुमी मास्तर हा ना."

आता अठी फळ्याकडे तोंड करून खडू शोधाचा, एवढंच करता येत होतं. पन जावायानं ते नाही केलं. म्हने, "मलेही नाही माहीत. पाहूया."

मले वाटते, इतक्या वर्साच्या मास्तरकीत त्याईनं खरं शिकवाले त्या दिवशी सुरुवात केली. नाही तं काय हो, मास्तरच्या खिशात उत्तर असलं का लेकरू खिशाकडेच पाहते. खिसा रिकामा दिसला, तवा ते काचीकडे पाह्यते.

मंग जे सुरू झालं ते सुट्टीच्या घंटीलेही थांबलं नाही. पोरायनं साऱ्या शाळेवर फुंकून पाह्यलं. लाकडावर वाफ दिसत नाही. खिचडीच्या ताटलीवर दिसते. पन उन्हातल्या ताटलीवर नाही, सावलीतल्या गार ताटलीवर दिसते. कोन्या एकाचं चित्र चांगलं परत ये, कोन्या एकाचं येतच नसे. भांडनं झाली. मंग भावनानंच हुडकलं, का ज्यानं डोक्यात तेल लावलं अन् केसातून हात फिरवला, त्याचं चित्र पक्कं. ज्यानं साबनानं हात धुतले, त्याचं फिक्कं. एका पोराचं कधीच नाही आलं, तं त्याले सारे म्हनाले, तुही माय तुले लय धुते. तिकडे कोनी झाड काढलं, कोनी घर, कोनी आजोबाची चप्पल. पुसलं नाही तं चित्र काचीवर राह्यते, फक्त दिसत नाही. दिसाले कोनाचातरी श्वास लागते.

मी म्हातारी हावो, हे आयकून घरातल्या आरशाकडे पाहत बसली. आमचे डोमाजी गेले तवापासून घरात असे लय चित्रं हायेत माह्यासाठी. असो.

जावाई घरी आले ते नाचतच. आगीबिगर वाफ सापडली होती. आता पाह्यजे होती मोठी काच. अशी, का तिच्यावर साऱ्या वर्गाचं एक गाव बसंन. ती होती कमलाकांत वकिलाच्या टेबलावर. जाड, गुळगुळीत, खाली अर्ध्या जिल्ह्याची कार्डं दाबेल. वकिलानं आधी नाही म्हनलं, मंग करारनामा केला. त्यात लिहून घेतलं का काच 'आहे त्या स्थितीत' परत करन्यात येईन, अन् साक्षीदार म्हनून माहा अंगठा घेतला. खेड्यात नेऊन शनिवारी लेकरायनं त्या काचीवर अख्खं गाव काढलं. तेल लावून, हात न धुता. विहीर, पार, बकऱ्या, एस्टी. काढून झालं अन् वाळलं, तं काच कोरी. जावायानं ती माह्या गोधडीत गुंडाळली अन् लेकरू आनावं तशी घरी आनली.

आता पुढचं जावायाले माहीत नव्हतं. तुमाले सांगते, पन चूप बसा.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सांजच्याले विमलवहिनी आल्या, आपली काच बरी हाय का पाहाले. घरात तवा कोनीच नव्हतं, मी होती ते डुलकी मारत होती. त्याईनं गोधडी उचलली, काच दिव्यापाशी तिरपी धरली, तं साऱ्या काचीभर बोटं. वहिनीच्या जिवाचं पानी झालं. परक्या गावाले आपली काच अशी मळकी जानार, लोकं काय म्हनतीन. त्याईनं लिंबू आनलं, पेपर आनला, अन् विहिरीपासून एस्टीपर्यंत सारं गाव घासून काढलं. दोन्हीकडून. मंग गोधडी होती तशी गुंडाळली. उपकार करून सांगू नये, ही त्याईची रीत; मले तं अमरावतीहून आल्यावर लिंबाच्या साली सापडल्या, तवा समजलं.

सकाळी लेकरं, काही मायबाप, दीक्षा अन् मी, असे एका भाड्याच्या गाडीत अमरावतीले गेलो. काच मधात, जावाई तिले टेकून, श्वासही जपून घेत. हॉलच्या दारात मोठा फलक लावेल होता. त्याच्यावर इंग्रजीची पाच मोठाली अक्षरं अन् हरेकाखाली मराठीत एक शब्द. विज्ञान. तंत्रज्ञान. अभियांत्रिकी. कला. गणित. पाच अक्षरं जोडली, का 'स्टीम'.

जावाई फलकासमोर उभे राह्यले. कितीतरी वेळ. मी दीक्षाले विचारलं, "वाफ कुठी हाय यात?" दीक्षा म्हने, "कुठीच नाही आई. पाच विषय एकत्र शिकवाचे, त्याले स्टीम म्हनतेत." मंग तिनं नवऱ्याकडे पाह्यलं. माही पोरगी फटकळ हाय. पन त्या वेळेले ती फक्त एवढंच म्हने, "मधात कलाही हाय वो. पाहा ना."

वाफ एकट्या आमच्याच डोक्यात गेली होती, असं नाही. आत पाह्यलं, तं तारायच्या गाड्या अन् चमकते दिवे होतेच, पन एका शाळेनं इडलीचं भांडं आनलं होतं, अन् धामणगावकडच्या एकानं थर्मोकोलचं रेल्वे इंजिन, धुराड्यात उदबत्ती लावेल. त्या मास्तरानं अन् आमच्या जावायानं एकमेकाकडे पाह्यलं अन् दोघायनं नजर खाली घातली. साऱ्यायनंच अंगठे दाखवले होते ना.

काच खिडकीपाशी बाकावर उभी करून ठेवली अन् आमी सारे चहाले गेलो. तेवढ्यात तठी उत्तमराव साहेब आले. हातात कागदात आलुबोंडा. पाहनारं कोनी नाही, समोर कोरी काच, अन् बोटं रिकामी. मानूस काय करते? तुमी काय केलं असतं?

आमी वापस आलो, तं तपासनीस प्रियदर्शनी मॅडम येऊन ठेपल्या होत्या. मोठ्या हुद्द्याच्या, पन आवाज मऊ. "यात काय आहे सर? मला नुसती काच दिसते."

"मॅडम, या काचीवर लेकरायनं त्याईचं गाव काढलं हाय. वाफेनं दिसन." अन् जावायानं हात वर केला, तसाच, बँडवाल्यासारखा. "फुंका."

साऱ्या लेकरायनं एकदम हाss केलं. काच पांढरी झाली. विहीर नाही. पार नाही. एस्टी नाही. पांढरी काच अन् तिच्यात उतरत चाललेलं आमच्या जावायाचं तोंड. विमलवहिनी आल्या नव्हत्या, नाही तं त्या दिवशी कोर्टात केस उभी राह्यली असती.

"पुन्हा फुंका," जावाई म्हने.

लेकरं चवड्यावर उभी राह्यली, उंच फुंकलं. अन् काचीच्या वरच्या अंगाले, जठी कोन्या लेकराचा हात पुरत नव्हता, तठी काहीतरी उमटलं. मोर. असा मोर, का काय सांगू. पिसारा फुलेल, हरेक पिसात डोया, मान अशी वाकडी का आता बोलन. साऱ्या हॉलची मानसं गोळा झाली.

"किती सुंदर. कोणी काढला?" मॅडमनं विचारलं.

जावाई 'लेकरायनं' म्हनू शकत होते. नंबर समोर उभा होता अन् तासही. पन त्या काचीनं त्याईले एक सवय लावून देली होती. म्हने, "मले नाही माहीत मॅडम."

"आमी नाही काढला," भावना म्हने. "आमचा हात तठी पुरत नाही. अन् काढनाराचं बोट जाड हाय." ती काचीले नाक लावून उभी राह्यली. "अन् चित्र चकचकीत हाय, म्हणजे हात धुयेल नाही. तेल हाय. पन खोबऱ्याचं नाही." तिनं हुंगलं. "आलुबोंडा हाय."

साऱ्या माना फिरल्या. उत्तमराव साहेब भिंतीपाशी उभे, हातात तेलानं पारदर्शक झालेला कागद. भावना त्याईच्यापाशी गेली, त्याईचं बोट धरलं, काचीपाशी आनलं अन् रेघेले लावून पाह्यलं. बराबर बसलं. कोन्या अधिकाऱ्याचं बोट असं कोनी धरलं नसंन. साहेबानं सोडवूनही नाही घेतलं.

"कोरी होती काच," साहेब म्हने. "मले वाटलं, दिसनार नाही कोनाले." मंग जरा थांबून, सोताशीच बोलल्यासारखे, "चौथीपर्यंत काढत होतो. मंग आमच्या मास्तरानं पाटी पुसून त्याच्यावर वजाबाकी लिहून देली."

मॅडमनं कागदावर काहीतरी लिहिलं अन् म्हनाल्या, "सर, आज इथे तारा सगळ्यांनी आणल्या. ओळखून, तपासून, पुराव्यानं बोलणारी मुलं तुम्ही आणलीत." पन नंबर एका फिरत्या गाडीले गेला. ती गाडी भिंतीले धडकून उलटी होई अन् आपोआप सुलटी होई. मले तं तिच्यात काही दम नाही दिसला, आमच्या गावात दारू पेयेल मानूसही तसंच करते.

वापस निंघताना उत्तमराव साहेब गाडीपाशी आले. खिडकीत वाकून जावायाले म्हने, "संघपालराव, तो शनिवारचा तास राहू द्या. वजाबाकी शुक्रवारी घ्या."

"अन् रकाना साहेब?"

"पाहू. काही बसवू." अन् गेले.

तं तास राह्यला. काच 'आहे त्या स्थितीत' परत देली. कमलाकांत वकिलानं तिच्यावर फुंकून पाह्यलं, तं त्याईले उत्तमरावाचा मोर दिसला, अन् त्याईनं करारभंगाची नोटीस देतो म्हनलं. विमलवहिनीनं पुन्हा लिंबू आनलं.

आता तुमी म्हनान, सुरुवातीले आन घेतली होती, तं शिट्टीचं कबूल कर म्हातारे. नाही करत. शिट्टी खरी हाय, नाव वाचलं तुमी. पन वल्ल्या कापसाचं भेव वाटते, म्हनून एक सांगून टाकते.

तो मोर नव्हता.

म्हणजे साहेबानं मोरच काढला होता, पन तसा दिसत नव्हता. डोये नव्हते, पिसारा नव्हता, मान कोन्या अंगाले हाय तेही समजत नव्हतं. साऱ्या हॉलची मानसं गोळा झाली ती ते काय हाय, हे वळखाले. बोट धरून झाल्यावर भावनानं मान वर केली अन् मोठ्या मायेनं विचारलं, "साहेब, बकरी हाय का?"

"मोर हाय," साहेब म्हने.

पोरीनं पुन्हा एकदा फुंकलं, नीट पाह्यलं. म्हने, "सराव लागन."

म्हनून तं तास राह्यला. दर शनिवारी उत्तमराव साहेब तपासनीच्या नावानं येतेत अन् लेकरायच्या मधात पालथे पडतेत. परवा पिसारा जमला म्हने. पाय अजून बकरीचेच हायेत.